राबाचा कोपरा

बायजाला सकाळी चहाच्या आधी मातीचा वास घ्यायची खोड लागली होती. घरामागच्या पायवाटेनं खाचरात उतरायचं, टाचेनं एखादं ढेकूळ फोडायचं, मूठभर माती नाकाशी न्यायची आणि डोळे मिटून उभं राहायचं. लांबून कुणी पाहिलं असतं तर म्हातारी तपकीर ओढतेय असंच वाटलं असतं. पण तपकिरीनं माणसाला तरतरी येते, हिला उलट मरगळ यायची. मातीला डिझेलचा वास यायचा. काल आला होता, आज आला, म्हणजे उद्याही येणार. मग ती मूठ झटकायची, घरी येऊन चहा ठेवायची, आणि चहालाही तोच वास यायचा.

हे तीन वर्षं चाललं होतं.

भेंडवाडीच्या खाली, न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या रस्त्याला एक वाकण आहे, अवघड वळणाचं. तीन वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका दुपारी त्या वाकणावर डिझेलचा टँकर कलंडला. माणसं धावली. आधी ड्रायव्हरला बाहेर काढायला धावली आणि मगच घरी कॅन आणि बादल्या आणायला धावली, हे गावाच्या बाजूनं सांगायलाच हवं. जेवढं भरून नेता आलं तेवढं लोकांनी नेलं. उरलेलं रस्त्याखालच्या मोरीतून वाहत गेलं, आणि पाणी जिथं जातं तिथंच ते गेलं, सगळ्यांत खालच्या खाचरात. ते खाचर बायजाचं. वीस गुंठ्यांचं. भात पोटरीत, लोंब्या फुटायच्या बेतात आलेलं होतं. साचलेल्या पाण्यावर रंगीत तवंग पसरला आणि आठ दिवसांत पात्या पिवळ्या पडल्या, पंधरा दिवसांत काळ्या. बांधातले मुठे खेकडे बिळातून बाहेर येऊन उलटे पडले. बेडूक ओरडायचे थांबले. बायजाला भाताचं वाईट वाटलंच, पण बेडकांचं गप्प होणं तिला जास्त लागलं, कारण भात एखाद्या वर्षी जातं, बेडूक कधी गेले नव्हते.

पंचनामे झाले. टँकरचा मालक कुठल्या राज्यातला, डिझेल कुणाचं, रस्ता कुणाच्या ताब्यातला, यावर चार खात्यांचे साहेब बांधावर उभे राहून एकमेकांकडे बोटं दाखवून गेले. शेवटी एक जण तोडगा घेऊन आला. वरची दीड फूट माती खरवडून ट्रकनं न्यायची आणि तिथं दुसरीकडची माती आणून टाकायची. चार दिवसांचं काम. गावाला ते पटलं. केतनला, बायजाच्या एकुलत्या एका मुलालाही पटलं. जेसीबी आला त्या सकाळी बायजा बांधावर जाऊन बसली आणि उठेचना.

"आजी, बाजूला व्हा," ऑपरेटर म्हणाला.

"न्हाय व्हनार. ही माती कुठली हाय तुला ठावं हाय का?"

त्याला कुठून ठाऊक असणार! ती माती तळ्याची होती. बायजा सतराव्या वर्षी लग्न होऊन या घरात आली तेव्हा त्या जागी खाचर नव्हतंच, नुसता खडकाळ उतार होता. सासऱ्यानं मोठ्या हौसेनं तो दाखवला होता, ही आपली जमीन म्हणून, आणि नवी सून पदराआडून हसली होती. मग तिनं आणि नवऱ्यानं, महिपतनं, तीन उन्हाळे गावतळ्याचा गाळ पाट्या-पाट्यांनी डोक्यावरून आणून तिथं टाकला. महिपत मिठागरावर जायचा. पहाटे दोघांनी वीस पाट्या टाकायच्या, मग तो कामाला, आणि ही दिवसभर एकटीनं. तिसऱ्या उन्हाळ्यात ती पोटुशी होती तरी पाट्या चालूच होत्या. ते पोर जगलं नाही. त्यानंतर सात वर्षांनी केतन झाला. महिपत पुढे बंदरावर कंटेनर साखळदंडांनी आवळायच्या कामाला लागला, पाठ मोडेपर्यंत तेच केलं आणि आठ वर्षांपूर्वी गेला. त्याचा फोटो घरात आहे, पण बायजाला तो फोटोपेक्षा खाचरातच जास्त सापडायचा. आता ती माती ट्रकमध्ये भरून कुठल्या तरी खड्ड्यात ओतायची, हे काही तिच्या गळी उतरणारं नव्हतं. जेसीबी परत गेला.

बाई हट्टाला पेटली, असं गाव म्हणालं. हट्टाला ताकद लागते, आणि ती तिच्यात नव्हती. ती फक्त बसून राहिली होती, कारण उठून जायला तिला दुसरी जागा नव्हती.

मग प्रांजली मॅडम आली. एका संस्थेतली, जमिनीतलं तेल जिवाणूंकडून साफ करून घेणारी. तिशीतली, लातूरकडची, उन्हानं रापलेली, पायात रबरी बूट. गावानं तिला दोनच दिवसांत 'जंतूवाली मॅडम' करून टाकलं. तिनं पिशव्यांतून कोंड्यासारखी तपकिरी पूड आणली, पिंपात पाण्यात कालवली आणि बायजाला समजावून सांगू लागली.

"मावशी, यात जिवाणू आहेत. डोळ्यांना दिसत नाहीत. तेल हेच त्यांचं अन्न. ते खातात आणि वाढतात. आपण फक्त त्यांना हवा द्यायची, ओल द्यायची."

बायजानं पिंपात डोकावून पाहिलं. "म्हंजे इरजण."

मॅडम हसली. "अगदी विरजणच. दुधाऐवजी मातीला लावायचं, एवढंच."

मग हे विरजण बायजाच्या चांगलंच लक्षात राहिलं. मॅडमनं नियमही सांगितले, आणि ते बायजानं बोटांवर मोजून पाठ केले. वेगळं खत घालायचं नाही. औषध मारायचं नाही. पाणी साचू द्यायचं नाही. माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. आणि दर आठव्या दिवशी सगळी माती वरखाली करायची, भाताचं तूस मिसळून, म्हणजे आतपर्यंत हवा जाते.

ऐकायला हे सोपं वाटतं. करायला वीस गुंठे आणि बासष्ट वर्षांची कंबर. पॉवर टिलर संस्थेचा यायचा, पण कडेकोपरे कुदळीनंच उकरावे लागायचे, आणि टिलर बिघडला की सगळंच. दिवाळीपासून जूनपर्यंत दर आठवड्याला बायजा कुदळ मारायची. पाणी मारायची. संध्याकाळी मुठीत माती दाबून बघायची. जिवाणूंना ती 'बारकी' म्हणायची. "बारकी उपाशी न्हायत ना मॅडम?" असं फोनवर विचारायची. मॅडम नमुने घेऊन जायची आणि पंधरा दिवसांनी आकडा सांगायची. पहिल्या वर्षाअखेर शंभरातले साठ भाग तेल उरलं होतं. दुसऱ्या हिवाळ्यात चाळीस. मग पावसाळा, मग पुन्हा कुदळ. शेजारची ठमाबाई, बायजाच्याच वयाची, वाल उपटता उपटता बांधावरून म्हणायची, "बायजे, लोकं पिकासाठी नांगरतात गं. तू किड्यांसाठी नांगरतंस."

बायजाला हसू यायचं, पण हसायलाही दम लागायचा. खरं सांगायचं तर ती दमून गेली होती. नुसती कंबर दुखत नव्हती, कंबर आयुष्यभरच दुखत आली होती. उगवणारं काहीच नसताना राबणं तिला कधी ठाऊक नव्हतं. आवणीत, भाताची रोपं लावताना, पाठ मोडते, पण संध्याकाळी मागं वळून पाहिलं की हिरवी ओळ दिसते. इथं मागं वळून पाहिलं की उकरलेली माती, आणि पुढंही तीच.

केतन हे सगळं पाहत होता. तो बंदराजवळच्या एका यार्डात कंटेनर उचलणारी अवजड गाडी चालवायचा. पहिली पाळी संपवून चारला घरी येऊन अंगणात मोटारसायकल लावायचा आणि आधी खाचराकडे बघायचा. तिथं आईची वाकलेली पाठ दिसायची. तो वाईट मुलगा नव्हता. वाईट असता तर त्याला बघवलं असतं.

त्या तीन वर्षांत आजूबाजूची खाचरं एकेक करून भरली गेली. कंटेनर ठेवायला जागा लागते, मुरूम टाकला की जागा होते. वरच्या अंगाला मुरूम, डाव्या हाताला मुरूम, रस्त्याच्या बाजूला मुरूम. बायजाचं आणि ठमाबाईचं अशी दोनच खाचरं मधे खोलगट उरली होती. यार्डवाल्यांचा माणूस केतनला दोनदा भेटून गेला. होळी झाल्यावर केतननं आईला समोर बसवलं.

"आई, हे शेवटचं वर्ष. मॅडमचा मेमधला रिपोर्ट येऊ दे. जमीन साफ आहे, भात लावा, असं आलं तर लाव. मी सुट्टी घेऊन आवणीला येतो. पन न्हाय आलं, तर मी यार्डवाल्यांना हो म्हननार. पावसाच्या आधी त्यांना भराव करायचाय. फायनल."

"आनि अर्धं साफ आलं तर?"

"आई, तुझं हे बघवत न्हाय मला. कळतंय का तुला?"

तिला कळत होतं. ती भांडली नाही. मार्चमध्ये मॅडमचा आकडा आला होता, शंभरातले पंधरा. थोडंच राहिलं होतं. मेच्या पहिल्या आठवड्यात शेवटचे नमुने, आणि मग काय ते ठरणार.

एप्रिलमधल्या एका सकाळी बायजानं माती नाकाशी नेली आणि वास आला नाही.

तिनं दुसरी मूठ उचलली. मग चार पावलं जाऊन तिसरी. वास नव्हता. नुसती माती. ती तिथंच ढेकळात बसली आणि थोडी रडली. त्याच दिवशी दुपारी तिनं केतनचे कामाचे कपडे धुतले. बंदरावरचे कपडे, ग्रीस आणि डिझेलनं भिजलेले, त्यांनाही वास नव्हता. पण आनंदात असलेलं माणूस अशा गोष्टी ध्यानात घेत नाही. तीन वर्षं रोज हुंगून हुंगून जमीन साफ व्हायच्या आधी तिचं नाकच थकून गेलं होतं, हे तिला त्या दिवशी कोण सांगणार!

आता भात लावायचं म्हणजे आधी रोप हवं. आणि रोप हवं तर राब भाजायला हवा. इकडे भाताचं रोप उघड्या, न भाजलेल्या जमिनीत कुणी टाकत नाही. खाचराच्या उंचशा कोपऱ्यात दीड-दोन गुंठ्यांची जागा राखलेली असते. उन्हाळ्यात तिथं शेण पसरायचं, वर झाडांच्या तोडलेल्या फांद्या, वर पालापाचोळा, वर पेंढा, सगळ्यावर मातीचा पातळ थर आणि मग वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवायचं, म्हणजे जाळ भडकत नाही, दिवसभर धुमसत राहतो. जमीन भाजून निघते, तणाचं बी मरतं, किडा मरतो, राख खाली उरते. त्या राखेत पेरलेलं रोप काळंभोर उठतं. जवळजवळ चाळीस वर्षं बायजानं हा राब भाजला होता. तिच्या सासूनं भाजला, आईनं भाजला. तीन वर्षं तो कोपरा थंड पडला होता आणि तिला ते घरातली चूल थंड असल्यासारखं वाटायचं.

नियम तिनं बोटांवर पुन्हा मोजले. खत नाही, औषध नाही, पाणी नाही. विस्तवाचं कुणी काही म्हटलं नव्हतं.

चार दिवस ती गोळा करत होती. गुरं विकून टाकलेली, म्हणून शेण ठमाबाईकडून आणलं. आंब्याखालचा पाचोळा लोटला. टेकाडावर जाऊन ऐनाच्या फांद्या तोडल्या आणि भारे डोक्यावरून खाली आणले. प्रत्येक भाऱ्यानंतर बांधावर बसून श्वास खाली यायची वाट पाहावी लागायची. पाचव्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत तिनं राब रचला, वर माती पसरली, पदर खोचला आणि पेटवला. पांढरा धूर निघाला. तो बघत बसताना तिला तीन वर्षांत पहिल्यांदा आपण शेतकरी आहोत असं वाटलं.

ठमाबाई आपल्या बांधावर आली आणि तिनं पदर नाकाला लावला.

"अगं बायजे, हा कसला वास? टँकर जळतोय का काय तुझ्या राबात?"

"कुठला वास? पेंढ्याचा हाय."

"पेंढ्याचा? मला चक्कर यायला लागली! व्हय गं, डिझेलच हाय!"

बायजानं धुरात जाऊन खोल श्वास घेतला. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, पण वास म्हणून काही आला नाही.  राब दिवसभर धुमसत राहिला, कारण पेटवलेला राब विझवायचा नसतो.

दुसऱ्या दिवशी काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सून, तेजस्वी, कामावर जायच्या घाईत होती. गोदामात पॅकिंगला जायची ती. रात्री दूध उतरवलं आणि तसंच कढत असताना विरजण लावून झोपली होती. सकाळी पातेल्यात दूध नाही, दही नाही, नुसतं पांढरं पाणी आणि तळाशी चोथा.

"आई, लागलंच न्हाय बघा."

"कसं लागंल? कढत दुधात इरजण घातलंस. मेलं ना ते..." बायजा म्हणाली, आणि पुढचं तोंडातच राहिलं.

तेजस्वी गेली. बायजा पातेलं हातात धरून ओट्यापाशी उभी होती. पन्नास वर्षं दही लावणारी बाई ती. दूध कोमट असावं लागतं, करंगळी बुडवून बघायची, चटका बसला तर थांबायचं, हे ती झोपेतही सांगू शकली असती. आणि तिनं दोन वर्षं जपलेल्या विरजणावर शेण, फांद्या आणि पेंढा रचून दिवसभर जाळ केला होता. बारकी मेली होती. तिनंच भाजली होती, आणि वर भाजताना तिला आनंद झाला होता. तिनं पातेलं खाली ठेवलं आणि कपाळावर हात मारून घेतला, अगदी खराखुरा, आवाज येईल असा.

मग ती खाचरात गेली. कोपऱ्यातली राख काळी-पांढरी पडली होती. तिनं ती कुदळीनं उकरून मातीत मिसळली. मग खाचराच्या मधली, न भाजलेली माती पाटीत भरली, डोक्यावर घेतली आणि कोपऱ्यात आणून टाकली. मॅडमला न विचारताच. दही बिघडलं तर शेजारच्या वाटीतलं विरजण आणतात, याला काय विचारायचं! एक पाटी, दोन पाट्या. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी वीस पाट्या पहाटेच्या पहाटे पडायच्या. आता चार पाट्यांतच मान जायची. तरी ती रोज जात राहिली, अकरा दिवस. पाणी मारायची, माती वरखाली करायची, मुठीत दाबून बघायची. हुंगायची मात्र थांबली. नाकावरचा तिचा विश्वास उडाला होता.

केतननं एकदा विचारलं, "कोपऱ्यात काय चाललंय तुझं?"

"काय न्हाय. सपाट करतंय." एवढंच खोटं ती बोलली.

मेच्या पहिल्या आठवड्यात मॅडम आली. हातात पिशव्या, मातीत खुपसायची पोकळ नळी. खाचराच्या नऊ जागी नमुने घ्यायचे होते. तिनं बांधावरूनच कोपऱ्याचा वेगळा रंग पाहिला असणार, पण ती काही बोलायच्या आत बायजाच पुढं झाली.

"मॅडम, माझ्या हातनं घात झाला."

"काय झालं मावशी?"

"राब भाजला मी. त्या कोपऱ्यात."

मॅडमनं विचारलं, "राब म्हणजे?"

बायजा तिच्याकडे बघतच राहिली. डोळ्यांना न दिसणारे जीव काय खातात, किती दिवसांत वाढतात, हे जिला ठाऊक, तिला राब ठाऊक नव्हता. मग बायजानं सांगितलं. शेण, फांद्या, पेंढा, माती, वाऱ्याच्या उलट बाजूनं विस्तव. कढत दुधाचंही सांगितलं, आणि अकरा दिवसांच्या पाट्यांचंही. मॅडम बूट ओल्या मातीत रोवून बांधावर बसली. 

"आमच्याकडे भातच नाही हो," ती म्हणाली. "ज्वारी, सोयाबीन. जाळायचं नाही, हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं. मी विचारायला हवं होतं. दोन वर्षं इथं येतेय मी."

"तुमचा काय दोष? हात माझे."

मॅडम उठली आणि एकेका जागी नळी खुपसून नमुने घेऊ लागली. आठ जागा झाल्या. नववी जागा राबाच्या कोपऱ्यात होती. तिथं पोचायच्या आधी ती थांबली. केतनची अट तिला ठाऊक होती, बायजानंच कधीतरी सांगितली होती.

"मावशी, नऊ जागा मीच ठरवते. नववी मी इथं मधेही घेऊ शकते. चार पावलं इकडे. कागदावर काही चूक होणार नाही."

बायजाला समजलं. फार चांगलं समजलं. तिला वाटलं हो म्हणावं. कोपरा दीड गुंठ्याचा, खाचर वीस गुंठ्यांचं, पुढच्या वर्षीपर्यंत तो आपोआप बरा होईल, केतनला कळणारही नाही, आणि पाठीला एक वर्ष तरी सुटका मिळेल. तिच्या तोंडापर्यंत ते हो आलं होतं. पण रोप टाकायची जागा ती एकच होती. जे काही वीस गुंठ्यांत लागणार होतं ते आधी त्या कोपऱ्यात उगवणार होतं, त्याच मातीत मूळ धरणार होतं.

"तिथलीच घ्या," ती म्हणाली. "खोट्या कागदावर भात येत न्हाय."

मॅडमनं तिथलीच माती घेतली.

रिपोर्ट वीस मेला आला. दुपारी फोन वाजला तेव्हा बायजा पडवीत सुपानं वाल पाखडत होती. मॅडमनं सावकाश सांगितलं. आठ जागा साफ. भात लावायला हरकत नाही. फक्त पहिल्या वर्षीचा तांदूळ तपासल्याशिवाय घरात शिजवायचा नाही, तो ती स्वतः नेऊन तपासून आणेल. कोपरा मात्र नाही. तिथं तेल अजून आहे. पण तिथं जिवाणू सापडलेत. "तुम्ही टाकलेल्या मातीनं परत लागलंय मावशी. थोडंसं. अजून एक हिवाळा लागेल. यंदा तिथं काही पेरू नका."

"बरं," बायजा म्हणाली. "बारकी हायत म्हंजे."

"आहेत. सगळी नाहीत, पण आहेत."

फोन ठेवून ती तशीच बसली. सूप मांडीवर. आनंद झाला की दुःख, ते तिचं तिलाच कळेना. तीन वर्षं ज्या गोष्टीची वाट बघितली ती आली होती आणि तिच्याच हातानं तिला एक भोक पडलं होतं. रिपोर्ट पूर्ण साफ नव्हता. अर्धं साफ आलं तर काय, या प्रश्नाला केतननं तेव्हा उत्तर दिलं नव्हतं, आणि ज्याला उत्तर मिळत नाही त्याचं उत्तर 'नाही' असंच असतं, हे एवढ्या आयुष्यात ती शिकली होती. यार्डवाल्यांचा माणूस दोन दिवसांनी येणार होता. इथं मुरूम पडला की एकट्या उरलेल्या ठमाबाईच्या खाचराचं डबकं होणार, म्हणजे तेही जाणार. तिनं मनातल्या मनात सगळी उत्तरं जुळवून ठेवली. केतन चिडला तर काय म्हणायचं. चिडला नाही, नुसता गप्प बसला तर काय म्हणायचं. मुरूम पडायच्या आधी चार पाट्या माती घरामागं आणून ठेवू दे, एवढं तरी मागायचं.

चारला केतन आला. अंगणात मोटारसायकल लावली, नळावर हात-तोंड धुतलं, पडवीत बसला. तेजस्वी अजून यायची होती. बायजानं त्याला चहा दिला आणि समोर बसली.

"मॅडमचा फोन आलेला."

"काय म्हणाली?"

"सगळं साफ हाय. राबाचा कोपरा सोडून." आणि मग, तो काही विचारायच्या आत, तिनं सगळं सांगून टाकलं. राब कसा भाजला, वास कसा आला नाही, कढत दूध, पाट्या, सपाट करतंय म्हणून सांगितलेलं खोटं. नववी जागा चार पावलं इकडे घेता आली असती, हेही सांगितलं. सांगताना तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. अंगणातल्या मोटारसायकलच्या चाकाकडे बघत राहिली.

केतननं चहाचे दोन घोट घेतले. दिवसभर गाडीच्या केबिनमध्ये बसून त्याचे डोळे लाल झाले होते. तो बापासारखाच बसायचा, पुढं वाकून, कोपर गुडघ्यांवर. बायजानं तयार ठेवलेल्या उत्तरांमधून एक निवडलं आणि ती वाट बघू लागली.

"कोपरा केवढा आहे?" त्यानं विचारलं.

"दीड गुंठा."

"मग रोप कुठे टाकणार तू?"

या एकाच प्रश्नाचं उत्तर तिनं जुळवून ठेवलं नव्हतं.   घरामागं बघितलं, पुढं बघितलं.

"अंगनात," ती म्हणाली. "दाट टाकीन."

केतननं अंगणाकडे एकदा नीट पाहिलं. अर्धा चहा तसाच खाली ठेवला, उठला आणि मोटारसायकल ढकलत बाहेर रस्त्याकडेला, आंब्याखाली लावून आला.